कमी बजेटमध्ये व्हिडिओचं सामान घेताय? या चुका टाळा

नागपुरात आता प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी व्हिडिओ करून राहिलं आहे, कोणी सावजीची रेसिपी दाखवतं, कोणी दहावीचं गणित शिकवतं, कोणी फुटाळा तलावावर जाऊन व्लॉग करतं, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, कॅमेरा कोणता घेऊ? पैसा वाया जायला सुरुवात इथूनच होते. तुमच्याकडे गेल्या चार-पाच वर्षांतला बऱ्यापैकी फोन असेल तर कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्या. आधी माइक, मग लाइट, मग ट्रायपॉड. चित्र थोडं कमी-जास्त असलं तरी लोक बघतात, पण बोललेलं समजलं नाही की लगेच पुढे सरकवतात.

स्वस्तात मिळतो म्हणून डीएसएलआर घेणे

सेकंडहँडमध्ये कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० बऱ्या भावात मिळतात, फोटोसाठी छानच आहेत, पण व्हिडिओसाठी घेत असाल तर एक गोष्ट आधी पाहून घ्या, या दोन्हीत बाहेरचा माइक लावायला जागाच नाही. म्हणजे आवाज फोनवर वेगळा रेकॉर्ड करायचा आणि नंतर जुळवत बसायचं. वरून व्हिडिओ फुल एचडीच, त्याहून बारीक तपशिलाचा ४के नाही. आजचे साधे फोनसुद्धा यापेक्षा सोपे पडतात. तरीही जुना कॅमेरा घ्यायचाच असेल तर दुकानातच लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त दिली तरी सोडून द्या.

कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग

आपल्याकडची ही सगळ्यात मोठी अडचण, आणि बाहेरच्या शहरातल्या लोकांच्या टिप्समध्ये हिचं नावही नसतं. मार्च-एप्रिलपासून घरात कूलर लागतो तो पाऊस येईपर्यंत बंद होत नाही, आपल्या कानाला त्याची सवय झालेली असते, पण माइकला नसते. पाण्याचा पंप बंद करून काही होत नाही, खरा आवाज पंख्याचा असतो. ॲपमधून नॉइज रिडक्शन जोरात लावलं की कूलर जातो खरा, पण सोबत आपला आवाजही डब्यातून आल्यासारखा होतो. त्यापेक्षा सकाळी सहा-साडेसहाला शूट करा, कूलर लागत नाही, उजेडही मऊ असतो, रस्त्यावर हॉर्न नसतात. दुपारीच करायचं असेल तर स्क्रिप्टचे छोटे तुकडे करा, तुकडा बोलताना कूलर बंद, मधल्या वेळात चालू. आणि रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर, म्हणजे तुम्ही जिकडे तोंड करून बोलता तिकडे, जाड गोधडी टांगा, खूप फरक पडतो.

माइक मात्र तोंडाजवळच पाहिजे. कितीही महाग माइक फोनवर बसवून सहा फुटांवरून बोललात तर त्याला खोलीच जास्त ऐकू येते. वायरवाला कॉलर माइक हनुवटीच्या एक वीत खाली लावा, ओढणी किंवा चेन घासत नाही ना ते बघा, पहिल्या माइकसाठी एवढं पुरे आहे.

"माइक खराब निघाला" म्हणून परत करणे

बरेचदा माइक चांगलाच असतो, पिन चुकीची असते. ३.५ एमएमच्या पिनवरचे पट्टे मोजा. तीन पट्टे असतील तर ती फोनची, दोन असतील तर कॅमेऱ्याची, एकमेकांत लावायला ॲडॅप्टर लागतो. बोयाचा बीवाय-एम१ खूप जण घेतात, त्याच्या सहा मीटर वायरवर एक छोटी डबी आहे, तिच्यावरचं बटन फोन लावला तर स्मार्टफोनकडे आणि कॅमेरा लावला तर कॅमेऱ्याकडे पाहिजे, आणि कॅमेऱ्यासाठी आतला बटन सेल जिवंत लागतो. फोनला गोल पिनची जागा नसेल तर टाइप-सी ॲडॅप्टर घेताना दुकानातच तपासा, काही ॲडॅप्टर फक्त ऐकायचे असतात, माइक पकडतच नाहीत. तपासायची पद्धत एकदम सोपी, रेकॉर्डिंग लावा, माइकवर नखाने खरडा, मग फोनवर खरडा, ऐकताना माइकचं खरडणं मोठं आलं तरच माइक चालू आहे.

वायरलेसचं म्हणाल तर स्वस्तातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथंच. घरात ठीक, पण मारबतीच्या मिरवणुकीत इतवारी-महालच्या गर्दीत हजारो मोबाइल आजूबाजूला असताना आवाज तुटू शकतो, तिथं वायरवालाच बरा.

लाइटवर उगाच खर्च

रिंगलाइट घ्यायच्या आधी खिडकीकडे तोंड करून बसा आणि अंधाऱ्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल उभा करा, निम्मं काम इथंच होतं. चष्मा असेल तर रिंगलाइटची गोल चकती काचेत दिसते, तेव्हा लाइट वर आणि बाजूला न्या. व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर लाइट बदलायला धावू नका, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा. बहुतेक वेळा पट्टे जातात.

उन्हात फोन

मे महिन्यात ४५ डिग्रीत फोन ४के रेकॉर्ड करता करता मध्येच बंद पडतो, त्यात फोनचा दोष काढून नवीन घेऊ नका. ॲपलने तर आयफोन वापरायचं हवेचं तापमान ३५ डिग्रीपर्यंतच सांगितलं आहे. कव्हर काढा, ४केऐवजी १०८०पी म्हणजे फुल एचडी ठेवा, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा, दोन शॉटच्या मध्ये सावलीत ठेवा. गार करायला फ्रिजमध्ये मात्र अजिबात ठेवायचा नाही, आत ओल धरते.

मेमरी कार्ड

पाकिटावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा वाचायच्या स्पीडचा असतो. तुम्ही व्ही३० ही खूण बघा, म्हणजे सेकंदाला कमीत कमी ३० एमबी सलग लिहिलं जातं. सीताबर्डीच्या फुटपाथवर असो की ऑनलाइन, फारच स्वस्त कार्ड मिळालं तर कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) नावाच्या फुकट प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा, नकली कार्ड १२८ जीबी दाखवतं आणि थोडंसं भरलं की पुढचं सगळं उडवतं, कोणाच्या लग्नाचं शूटिंग असेल तर ते परत कुठून आणणार?

ट्रायपॉडचं थोडक्यात, गिंबल, म्हणजे चालताना फोन हलू न देणारा दांडा, नंतर, आधी ट्रायपॉड. मधल्या दांड्याला हुक असलेला घ्या आणि अंबाझरी तलावावर वारा असला की हुकाला बॅग लटकवा.

शेवटचं एक, कारण यापायी लोक चांगला माइक विकून टाकतात. लांब व्हिडिओत सुरुवातीला सगळं बरोबर आणि शेवटाकडे ओठ एकीकडे, आवाज एकीकडे असं होत असेल, तर फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची तो आकडा, सारखा वर-खाली करतो हे त्याचं नेहमीचं कारण असतं. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात कॉन्स्टंट म्हणजे एकसारखा फ्रेम रेट निवडून फाइल बदला आणि तीच एडिटिंगला टाका.