न घाबरणाऱ्या पोरीला विहिरीत पोहायला कसं शिकवायचं

मागच्या मे महिन्यात माझी सहा वर्षांची पोरगी गावच्या विहिरीच्या काठावर उभी राहिली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "मामा, खाली काय आहे?" मामा म्हणाला पाणी. "आणि त्याच्या खाली?" गाळ. "मग मी बघून येते की." झालं! माझ्या पोटात गोळा आला आणि हसू पण आवरेना, कारण याच विहिरीवर लहानपणी मला कोणी फिरकू दिलं नव्हतं, भाऊ उन्हाळाभर डुंबायचे आणि मी त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. मी पोहायला शिकले ते तिशीत, पुण्यात, टँकवर, साडेतीन फूट पाण्यात नाक धरून.

तर यंदा सुट्टीत कोणाला पोरांना विहिरीत उतरवायचं असेल तर आम्ही काय काय केलं ते लिहिते. पोरगी घाबरत नाही याचा आनंद मस्त घ्या, पण न घाबरणारं पोर न विचारता पाण्यात उडी टाकतं हे पण डोक्यात ठेवा, म्हणून पहिला नियम घरातच सांगितला की मामा किंवा आई पाण्यात असल्याशिवाय काठावर सुद्धा जायचं नाही. नीट पोहता येणारं एक मोठं माणूस पाण्यात आणि एक काठावर, यात तडजोड नाही.

विहीर कशी निवडायची? पाणी किती खोल आहे याला फार अर्थ नाही, सहा वर्षांच्या पोराला सात फूट काय आणि तीस फूट काय सारखंच. बाहेर यायला पायऱ्या आहेत का ते बघा. पाण्यापर्यंत जाणाऱ्या दगडी पायऱ्या असलेली, रोज उपसा होणारी विहीर बरी. एप्रिल-मे मध्ये पाणी खाली जातं आणि शेवटच्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत झालेल्या असतात, त्या आदल्या दिवशी खराट्याने घासून घ्या. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या, झाकलेल्या विहिरीत अजिबात नको, तिथे तळाला श्वास घेण्यासारखी हवाच नसते, गाळ काढायला उतरलेली धडधाकट माणसं सुद्धा दगावतात. आणि साताऱ्याजवळ लिंब गावची ऐतिहासिक बारा मोटेची विहीर ही बघायला न्यायची, पोहायला नाही, हे सांगावं लागतं कारण आमच्या ग्रुपवर एकाने खरंच विचारलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोटर. नुसतं बटण बंद करून चालत नाही. बहुतेक शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो, म्हणजे लाईट आली की पंप आपोआप सुरू, आणि लाईट कधी येईल ते देवाला माहीत. केबल कुठे सोललेली असेल तर पाण्यात करंट उतरतो. म्हणून ऑटो बंद, मेन बंद, आणि फ्यूज काढून माझा भाऊ खिशात घालतो, फ्यूज खिशात असल्याशिवाय आमच्याकडे कोणाचा पाय पाण्यात पडत नाही.

मग पोराला तरंगत ठेवणारा डबा. पूर्वी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बिंडे किंवा वाळलेले भोपळे बांधायचे, आता पाच लिटरचा तेलाचा कॅन असतो. झाकण घट्ट लावून रात्रभर बादलीत दाबून ठेवा, सकाळी आत थेंब जरी दिसला तरी तो कॅन बाद. पाच लिटरचा कॅन साधारण पाच किलो उचलून धरतो आणि पाण्यात पोराचं डोकंच तेवढं वर राखायचं असतं, त्यामुळे पुरतो. बांधायचा मात्र पाठीवर, वरच्या बाजूला, काखेच्या जवळ. कमरेला बांधला की ढुंगण वर आणि तोंड पाण्यात! आणि हा डबा म्हणजे लाईफ जॅकेट नव्हे, पोर दमून सैल पडलं तर तोंड खालीच जातं, म्हणून मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे. लाईफ जॅकेट मिळत असेल तर पहिले दोन-तीन दिवस सरळ तेच घाला, गावातली पोरं हसतील, हसू देत.

दोर काखेखालून छातीभोवती, गाठ पाठीमागे, आवळत जाणारी सरकगाठ नको. दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, थोडा सैल पण लक्ष पूर्ण त्याच्यावर, रील बघत बसणाऱ्याला हे काम देऊ नका.

पहिल्या दिवशी शिकवायचं काही नाही. शेवटच्या पायरीवर बसून पाय हलवणं, पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढणं, बास. पंधरा-वीस मिनिटं. विहिरीचं पाणी वर ऊन असलं तरी गार असतं, ओठ निळे पडले किंवा दात वाजायला लागले की बाहेर, कितीही रडू दे. दुसऱ्या दिवशी मामाच्या हातावर पालथं पडून पाय मारणं. तिसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीच्या कपारीतून दिवड सरकत पाण्यात आली आणि मी किंचाळणार तेवढ्यात पोरगी म्हणाली, "मामा, तो बघ पाय नसून पण पोहतोय!" दिवड बिनविषारी, पण डिवचली की चावते, म्हणून आम्ही तिला जाऊ दिलं आणि मग परत उतरलो. त्या दिवशी ही सापासारखं पोहायचं म्हणून अशी काही वळवळली की तिचे पाय पहिल्यांदा नीट चालले.

काठावरून "अगं सांभाळ, अगं बुडशील" ओरडू नका, मी पहिले दोन दिवस तेच केलं आणि भाऊ शेवटी वैतागला, "आक्के, तू घरी जा, तुझ्यामुळं पोरगी भ्यायला लागंल." खरंच होतं ते. मग मी पाण्यात उतरले आणि नुसतं "पाय मार, श्वास घे" एवढंच बोलायचं ठरवलं.

डबा काढायची घाई आम्ही केली नाही. मामा रोज दोर थोडा जास्त सैल सोडायचा, आठव्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "हा डबा मध्ये मध्ये येतोय." तेव्हा काढला, दोर मात्र अजून चार दिवस ठेवला. उडी सगळ्यात शेवटी, आणि पायावरच. सूर मारणं मोठं झाल्यावर, खाली दगड कुठे आहेत ते माहीत असेल तरच.

हे पण वाचून ठेवा, बुडणारं पोर बऱ्याचदा ओरडत नाही, गप्प होतं. बाहेर काढल्यावर उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही. श्वास नसेल तर मान मागे करून लगेच तोंडाने श्वास, मग छातीवर दाब, आणि दुसऱ्याने 108 लावायचा. हे गावाला जायच्या आधी कुठेतरी शिकून घ्या.

पोहून आल्यावर भूक भयंकर लागते, आमची एरवी अर्धी पोळी खाणारी पोरगी दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी संपवते. यंदा ती चौथ्या पायरीवरून उडी मारते. मी अजून एकेक पायरी धरून उतरते आणि वरून आवाज येतो, "आई, बाजूला सर की, मला उशीर होतोय!"