सीजीआरपी सोडलं आणि आलेख सपाट राहिला

वेदनेवर काम करणाऱ्या लॅबमध्ये कुणी नवीन आलं की मी माझे पहिले दोन महिने सांगते. तीच चूक अजूनही होताना दिसते, म्हणून.

काम होतं उंदराच्या डीआरजीचं, म्हणजे डॉर्सल रूट गँग्लियांचं. मणक्याच्या दोन्ही बाजूंना राजगिऱ्याएवढे पांढुरके गोळे असतात, त्यात संवेदी चेतापेशी. ते काढायचे, कोलॅजिनेज या ऊती सैल करणाऱ्या विकरात मऊ करायचे आणि काचेच्या पिपेटचं टोक ज्योतीवर गुळगुळीत करून त्यातून अलगद वरखाली करायचे, म्हणजे पेशी सुट्या होतात. बुडबुडे आले की पेशी हातच्या गेल्या. हे हाताला बसायला वेळ लागतो; तो द्या, घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी पेशींत फ्युरा-२ हा कॅल्शियम वाढलं की दाखवणारा रंग भरला आणि सीजीआरपी, म्हणजे चेतापेशी निरोप म्हणून सोडतात ते एक पेप्टाइड, त्यांच्यावर सोडलं. काहीच नाही. शेवटी कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला तिखटपणा, सोडल्याबरोबर कितीतरी पेशी उजळल्या. म्हणजे पेशी जिवंत होत्या. मी वहीत लिहिलं, ‘रिसेप्टर नाही’, म्हणजे सीजीआरपी ओळखणारं प्रथिन या पेशींवर नाहीच. पुढचे कित्येक आठवडे तेच पुन्हा पुन्हा करून बघितलं.

रिसेप्टर होता. सीजीआरपीचा रिसेप्टर सीएलआर आणि रॅम्प-१ या दोन प्रथिनांची जोडी असते. (रॅम्प-१च्या जागी रॅम्प-२ आलं, की तोच सीएलआर अॅड्रेनोमेड्युलिन हे दुसरंच पेप्टाइड ओळखू लागतो. १९९८ साली हे कळलं. मला आजही ते विलक्षण वाटतं.) ही जोडी मुख्यतः सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू वाढवते आणि मी बघत होते कॅल्शियम. सबस्टन्स पी या वेदनेशी जोडलेल्या दुसऱ्या पेप्टाइडचा एनके-१ रिसेप्टर मात्र कॅल्शियम वाढवतो, त्यामुळे तिथे फ्युरा चालतं. रंग निवडण्याआधी रिसेप्टर पेशीच्या आत नेमकं काय करतो, ते वाचून घ्या. सायक्लिक एएमपी मोजताना फोर्स्कोलिनचा कंट्रोल ठेवाच; ते रिसेप्टरशिवायच सायक्लिक एएमपी वाढवतं. कोलियसच्या मुळांतलं हे रसायन १९७०च्या दशकात मुंबईत, हेक्स्टच्या संशोधन केंद्रात सापडलं.

रिसेप्टर कुणाच्या अंगावर आहे, हेही बघा. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल गँग्लियॉनमध्ये सीजीआरपी प्रामुख्याने सी तंतूंच्या (बारीक, संथ) पेशींत, तर रिसेप्टर ए-डेल्टा तंतूंच्या (जरा जाड, जलद) पेशींवर. एक सोडते, शेजारची ऐकते. २०१८ साली मायग्रेनसाठी मान्यता मिळालेलं एरेनुमॅब हे औषध याच रिसेप्टरला अडवतं. एनके-१चे अडसर, म्हणजे तो रिसेप्टर अडवणारी औषधं, प्राण्यांमध्ये वेदना कमी करत होती, माणसांत नाही. त्यातलं अॅप्रेपिटंट २००३पासून केमोथेरपीतल्या उलट्यांवर वापरतात. उंदरावरचा आलेख सुरेख आला, की हे आठवा आणि माणसाच्या ऊतीवरचे निकाल शोधा.