दिवस पूर्ण भरावेत म्हणून: गरोदरपणातील ऑक्सिडेटिव्ह ताण कमी कसा करावा

गरोदर बाईसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींच्या डब्यांवर हल्ली ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ हा शब्द ठळक छापलेला असतो, आणि तो वाचून सुनेसाठी डबा घेऊन येणाऱ्या सासूबाईंचा हेतू चांगलाच असतो. तरीही माझा पहिला सल्ला असा आहे की तो डबा विकत घेण्याआधी घरातली मशेरीची (भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची) डबी कोणत्या फळीवर आहे ते पाहावे.

शरीरातील पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणूही तयार होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. त्यांना निष्प्रभ करणारी व्यवस्था शरीराकडे असते. मूलके वाढली आणि ही व्यवस्था तोकडी पडली की जी अवस्था येते तिला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. बाळाला पोषण पोहोचवणाऱ्या वारेला अहोरात्र ऊर्जा लागते, त्यामुळे गरोदरपणात हा ताण थोडा वाढणे स्वाभाविक आहे, आणि दिवस भरत आल्यावर पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) जीर्ण होऊन कळा सुरू होण्यातही त्याचा वाटा असावा असे संशोधक मानतात. अडचण होते ती तंबाखू, धूर, जंतुसंसर्ग किंवा वाढलेली साखर यांमुळे हा ताण वेळेआधीच चढतो तेव्हा. पाणमोटेच्या पडद्याला बळकटी देणारे कोलॅजन झिजू लागते, दाह वाढतो, गर्भाशयाला आकुंचनाचा इशारा देणारी रसायने तयार होतात, आणि पाणी लवकर फुटण्याची किंवा कळा लवकर येण्याची शक्यता वाढते. मात्र प्रत्येक मुदतपूर्व प्रसूतीचे खापर या ताणावर फोडता येत नाही. जुळी बाळे, आखूड गर्भाशयमुख, आधीची मुदतपूर्व प्रसूती ही कारणे वेगळी आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

ताण मूलकांचा असेल तर त्यांना निष्प्रभ करणाऱ्या, म्हणजेच अँटिऑक्सिडंट असलेल्या, क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या द्याव्यात, हा विचार डॉक्टरांनाही सुचला होता आणि तो तपासूनही पाहिला गेला. ब्रिटनमध्ये धोका जास्त असलेल्या सुमारे २,४०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत रोज १,००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिले गेले. २००६ साली निष्कर्ष आले तेव्हा गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचा विकार कमी झालेला दिसला नाही. उलट कमी वजनाची बाळे अधिक जन्मली होती. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीतूनही २०१० मध्ये फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत गरोदरपणी ही पूरके देण्याची शिफारस नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोह, फॉलिक आम्ल आणि कॅल्शियमच्या गोळ्यांना हे लागू नाही. त्या घ्यायच्याच आहेत.

सुरुवात आठवड्यांच्या हिशोबाने करावी. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेली प्रसूती मुदतपूर्व धरतात, पण पाळीची तारीखच नक्की आठवत नसेल तर हा आकडा व्यर्थ ठरतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून घ्यावी आणि तिच्यावरून ठरलेली तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावी. ‘सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ असे अनेक घरांत अजूनही म्हटले जाते. ते साफ चूक आहे. पोटात नीट वाढणाऱ्या बाळाला मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा त्याच्या फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या कामी येतो.

आता मशेरी. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, चुरतात, डबीत भरतात आणि सकाळी उठल्याबरोबर बोटाने हिरड्यांना घासतात. लावणाऱ्या बाईला हे व्यसन वाटतच नाही, कारण तिच्या दृष्टीने ते दात घासणे असते; ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हेही ठरलेले उत्तर असते. दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. म्हणून घरच्यांनी आणि आशाताईंनी मशेरीचे नाव घेऊनच विचारावे. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेऊन २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशेरीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आणि गर्भकाळ सरासरी ६.२ दिवसांनी कमी आढळला. ३२ आठवड्यांच्या आतील प्रसूतीची शक्यता तर जवळजवळ पाचपट होती. सोडताना डबी घरातून बाहेर काढावी, सकाळच्या त्या वेळेला साधी पेस्ट आणि ग्लासभर कोमट पाणी ठेवावे, आणि सासू किंवा जाऊ लावत असेल तर तिनेही निदान बाळ होईपर्यंत सुनेसमोर लावू नये. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

धुराचे तसेच. चुलीवर भाकरी होत असतील तर गरोदर बाईला चुलीपुढून उठवावे. गॅस असूनही सिलिंडर वाचवण्यासाठी आंघोळीचे पाणी चुलीवर तापवले जाते, ते काम दुसऱ्याने करावे. घरातील विडी-सिगारेट, बंद खोलीतील डासांची कॉइल आणि दारातला जळता कचरा टाळावा.

ताटाकडे वळू. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त घेणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी आढळली. त्यावरून पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ स्त्रियांना गरोदरपणाच्या आधीपासून रोज दिला गेला, तेव्हा गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. या अभ्यासांनी मुदतपूर्व प्रसूती थांबते असे सिद्ध केलेले नाही. पण वाढलेली साखर हे या ताणाचे एक मोठे कारण असल्याने दिशा तीच आहे. घरी करायचे ते साधे आहे: रोज एक वाटी मेथी, चवळी, शेवग्याचा पाला किंवा माठ, भाजी नको वाटली तर थालीपिठात चिरून; एक पेरू, संत्रे किंवा हंगामात आवळा; मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि डाळ किंवा उसळ.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस घेण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. ती चहाबरोबर घेतली की लोह नीट शोषले जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवावी. रक्त लवकर वाढावे म्हणून मनाने दोन-दोन गोळ्या घेणेही बरे नव्हे, कारण गरजेपेक्षा जास्त असलेले लोह स्वतःच मुक्त मूलके वाढवते.

लघवीची तपासणी अनेक जणी टाळतात, ‘जळजळ नाही तर कशाला’ म्हणून. गरोदरपणात लघवीतील जंतुसंसर्ग काही त्रास न देताही असतो, आणि त्यावर प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स घ्यावा लागतो. अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, हिरड्यांतून रक्त येणे हेही सांगावे. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजून घ्यावा; दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत विशेष मोफत तपासणी असते. नागपूर आणि बेळगावसह सहा देशांत झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिलटकरणींना ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन लवकर सुरू केल्यावर मुदतपूर्व प्रसूती १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आल्या. ही गोळी कोणी, कधी सुरू करायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे. मात्र पहिल्या भेटीतच विचारायला हवे, कारण ती पहिल्या काही महिन्यांतच सुरू करावी लागते.

ऊसतोडीच्या फडात मोळी वाहणाऱ्या किंवा उन्हात दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईला ‘विश्रांती घे’ म्हणणे पोकळ आहे, हे मी जाणतो. मोळी दुसऱ्याने उचलणे, दुपारी सावली आणि पाण्याची बाटली, एवढे तरी मुकादमाकडून मागून घ्यावे.

आणि ३७ आठवड्यांआधी दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट दगडासारखे कडक होऊ लागले, कंबर थांबून थांबून भरून आली, खाली दाब वाटला, पाणी गेले किंवा रक्त दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ वर फोन करून नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जावे. प्रसूती अटळ वाटली तर २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले जाते, आणि त्याचा पूर्ण परिणाम व्हायला सुमारे एक दिवस लागतो. कार्ड बरोबर घ्यावे, आणि पाणी किती वाजता गेले ते डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगावे.