क्रेन मोजून शहरातल्या बांधकामाचा अंदाज घेताय? या चुका टाळा

उंचावरच्या गच्चीवरून दिसणाऱ्या टॉवर क्रेन मोजायच्या, तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजायच्या आणि फरक पाहायचा. पद्धत साधी आहे. ‘रायडर लेव्हेट बकनॉल’ ही सल्लागार संस्था याच मोजणीवर आपला क्रेन निर्देशांक काढते. घोळ होतो तो आकड्याचा अर्थ लावताना.

सर्वांत मोठी चूक म्हणजे क्रेन म्हणजेच बांधकाम असं धरून चालणं. खोदाई आणि पायलिंगच्या (पायासाठी जमिनीत खांब घालण्याच्या) काळात बहुतेक ठिकाणी टॉवर क्रेन उभीच नसते. शेवटचा स्लॅब पडला की ती लवकर उतरवतात, कारण भाडं चालू असतं. त्यानंतर प्लास्टर, वायरिंग, काचा, लिफ्ट हे काम कित्येक महिने चालतं आणि सामान बाहेरच्या भिंतीला लावलेल्या हॉइस्टने, म्हणजे तात्पुरत्या लिफ्टने, वर जातं. म्हणजे क्रेन दाखवते ती फक्त सांगाडा उभा राहण्याची अवस्था. आकडा घसरला म्हणून मंदी आली असं लगेच म्हणू नका. बऱ्याच इमारती एकदम फिनिशिंगला आल्या असतील. क्रेन उतरलेल्या साइटवर हॉइस्ट दिसतो का ते बघा आणि तिची नोंद वेगळ्या रकान्यात चालू ठेवा.

एका क्रेनमागे किती काम, हेही ठरलेलं नसतं. 40 मजली बारीक मनोरा एका क्रेनवर उभा राहतो, तर चार मजली पण लांबलचक रुग्णालयाला तीन लागतात, कारण एका जिबची (क्रेनच्या आडव्या हाताची) पोच साधारण 50 ते 70 मीटरच असते. म्हणून क्रेन आणि साइट यांचे आकडे वेगळे ठेवा. छोट्या भागात टक्केवारी तर टाळाच: 4 च्या 6 झाल्या की ‘50 टक्के वाढ’ होते, प्रत्यक्षात ती एकच नवी साइट असू शकते.

उभी क्रेन चालूच असते असंही नाही. पैशाअभावी अडकलेल्या प्रकल्पावर ती महिनोन्‌महिने तशीच राहते. जिब फिरताना दिसली म्हणून फसू नका. काम थांबवताना स्लूइंग ब्रेक (जिबचं फिरणं रोखणारा ब्रेक) मोकळा सोडतात, म्हणजे जिब वाऱ्याबरोबर वळते आणि वादळात क्रेनच्या मनोऱ्यावर ताण कमी येतो. सुट्टीच्या दिवशी सगळ्या क्रेनची तोंडं एकाच दिशेला दिसतात ती यामुळेच. मोजणी कामाच्या दिवशी करा, प्रत्येक क्रेनकडे 15 मिनिटं बघा: हुक खाली-वर होतो का, त्याला भार आहे का? शंका असेल तर ‘उभी, बंद’ असं लिहा.

दुहेरी मोजणी

दोन ठिकाणांहून पाहिलं की तीच क्रेन दोनदा धरली जाते. क्रेनची दिशा मोजायला घेतलेला फोनचा कंपास इथे दगा देतो, लोखंडी कठड्याजवळ तर हमखास. 5 अंशांची चूक 2 किलोमीटरवर सुमारे 175 मीटर होते, म्हणजे क्रेन सरळ दुसऱ्याच प्लॉटवर जाते. त्यापेक्षा नकाशावर ठाऊक असलेली एखादी टाकी किंवा मनोरा धरून त्याच्या दिशेपासून क्रेनच्या दिशेपर्यंतचा कोन मोजा, दोन ठिकाणांच्या रेषा जिथे छेदतात ती जागा लिहा आणि क्रेनला क्रमांक द्या. पुढच्या फेरीत एकूण आकड्याआधी हे क्रमांक जुळवायचे. लफिंग जिबच्या (हात वर-खाली उचलता येणाऱ्या) क्रेन उंच इमारतींमागे सहज लपतात, तेव्हा एकाच गच्चीवर विसंबू नका. बंदरातल्या क्रेन आणि मोबाइल क्रेन यादीत नकोत. मोजणीची हद्द पहिल्या दिवशी आखा आणि नंतर बदलू नका.

रात्रीच्या लाल दिव्यांवरून मोजू नका. एकाच क्रेनवर मनोऱ्याच्या माथ्याला आणि जिबच्या टोकाला वेगवेगळे दिवे असू शकतात.

उपग्रहचित्र वापरत असाल तर ज्यात एक ठिपका 10 मीटरचा असतो अशा मोफत चित्रात जिब दिसत नाही. ठिपका अर्ध्या मीटरच्या आसपास असलेलं चित्र लागतं. तिरप्या कोनातून घेतलेल्या चित्रात क्रेनचा माथा शेजारच्या प्लॉटवर झुकलेला दिसतो, म्हणून जागा ठरवायची ती मनोऱ्याच्या पायथ्यावरून.