हेडसेट माइक घेताय? आधी गालावर नीट बसतोय का ते बघा

हेडसेट, म्हणजे कानावर अडकवून तोंडाजवळ येणारा माइक, कुठला घेऊ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, तुम्ही स्टेजवर नेमकं काय करता? एका जागी उभं राहून बोलता, फिरत फिरत शिकवता, गाता, का नाचता नाचता गाता? कारण सगळं त्यावरच ठरतं, आणि होतं काय की लोक फ्रिक्वेन्सीचा ग्राफ बघतात, दिसायला बारीक आहे का बघतात, कोणाकडे कुठला आहे ते बघतात, आणि तो आपल्या डोक्यावर दोन तास न हलता बसेल का हे बघायचंच राहून जातं. मी बरीच वर्षं नाटकं आणि भाषणं दोन्हीकडे साउंड बघतोय आणि माझं मत पक्कं झालंय. आधी बसणं, मग पॅटर्न, मग पिन, आणि आवाजाचा गोडवा सगळ्यात शेवटी.

का ते सांगतो. माइक आणि तोंड यातलं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने पडते. आता कॉलर माइक घ्या, तो छातीवर असतो, समजा तोंडापासून १६ सेंटीमीटरवर. हेडसेट असतो २ सेंटीमीटरवर. २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६, म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे जवळपास १८ डेसिबलचा फरक. तेवढा आवाज हेडसेटला आपोआप जास्त मिळतो, त्यामुळे मिक्सरवर गेन (आवाज किती वाढवायचा ते) कमी लागतो आणि स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी यायच्या आधी बरंच वर जाता येतं. शिवाय मान वळवली की माइकही सोबत वळतो. पण हेच गणित उलटंही अंगावर येतं बरं का. कॉलर माइक दोन सेंटीमीटर खाली सरकला तर कोणाला कळतसुद्धा नाही, हेडसेट २ वरून ४ सेंटीमीटरवर गेला की ६ डेसिबल गेलेच, आणि मागच्या रांगेतला माणूस लगेच कान टवकारतो.

ही कल्पना जुनी आहे. १९७९ च्या दौऱ्यात केट बुश या गायिकेला गाता गाता नाचायचं होतं, हात मोकळे हवे होते, तेव्हा तिच्या साउंड इंजिनिअरने कपड्यांच्या हँगरची तार वाकवून माइक तिच्या तोंडासमोर बसवला. नंतर १९९० मध्ये मडोनाच्या दौऱ्यानंतर तो जगभर दिसायला लागला. पण मूळ गरज तीच राहिली, हात मोकळे आणि माइक तोंडाजवळ एका जागी. हँगरच्या तारेचंही काम तेच होतं.

तर बसणं. एका कानावर अडकवायचा आणि दोन्ही कानांचा असे दोन प्रकार मिळतात. एका कानाचा हलका, पटकन घालता येतो, शांतपणे बोलणाऱ्याला छान. पण हालचाल असेल तर दोन्ही कानांचाच घ्या, यात मी तडजोड करत नाही. एका नृत्यनाटिकेत एका मुलीला आम्ही एका कानाचा दिला होता, साउंड चेकला अप्रतिम वाजला, कारण साउंड चेकला ती उभी राहून गायली होती. प्रयोगात दुसऱ्या गाण्यापर्यंत घाम आला, हुक कानामागे घसरायला लागला, बूम, म्हणजे माइक धरणारी दांडी, हळूहळू हनुवटीकडे उतरली आणि मी इकडे फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) चढवत चाललोय, चढवत चाललोय, शेवटी मॉनिटरमधून, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, शिट्टी आली. ती बिचारी दोन ओळींमध्ये हाताने माइक वर ढकलत होती आणि प्रत्येक वेळी सगळ्या हॉलला खसकन आवाज ऐकू जात होता. चूक माझी होती, मी तिला नाचून दाखव म्हणायला हवं होतं. तेव्हापासून मी माइक चढवला की माणसाला जे स्टेजवर करायचंय तेच करायला लावतो, उडी मारायची तर उडी, वाकायचं तर वाक.

फ्रेम घेताना मागची तार मापात कमीजास्त होते का बघा, कारण डोकी सारखी नसतात, आणि जे एकच माप असतं ते लहान डोक्यावर हमखास सैल बसतं. बूम वाकवता आली पाहिजे आणि वाकवली की तिथेच राहिली पाहिजे, स्प्रिंगसारखी परत येणारी बूम नको. चष्मा असेल तर चष्मा घालूनच ट्राय करा, दोघांच्या काड्या कानावर एकाच जागेसाठी भांडतात, माझा अनुभव असा की आधी माइक आणि त्यावर चष्मा बरा बसतो. मोठे कानातले असतील तर माइकच्या बाजूचं काढावं लागतं, धातूचा टिकटिक आवाज माइक सोडत नाही. दाढी असेल तर कॅप्सूल, म्हणजे माइकचं ऐकणारं टोक, गालापासून किंचित सुटी ठेवा, केस घासले की वाळलेल्या पानांवर चालल्यासारखी खरखर येते.

आता पॅटर्न, म्हणजे माइक कुठून ऐकतो. ओम्नी सगळ्या बाजूंनी ऐकतो, कार्डिऑइड मुख्यतः समोरून. लोकांना वाटतं कार्डिऑइडच चांगला कारण तो बाजूचा आवाज घेत नाही, आणि ते खरंही आहे, शेजारी ड्रम असेल, पायाशी मॉनिटर जोरात असेल, तर कार्डिऑइड घ्याच. पण त्याच्या अटी आहेत. त्याचं तोंड तुमच्या तोंडाकडेच हवं, बूमला जरा पीळ पडला की आवाज एकदम पातळ होतो. जवळ आणला की बास फुगतो, लांब गेला की बास जातो, म्हणजे जागा हलली की नुसती पातळी नाही, आवाजाचा रंगच बदलतो. शिवाय श्वासाची हवा त्याला जास्त लागते. ओम्नीला यातलं फारसं काही नाही, थोडा फिरला तरी आवाज तसाच, बास फुगत नाही, प आणि फ चा धप्पकन आवाज कमी येतो, आणि ऐकायला तो मोकळा वाटतो. मी म्हणेन की बोलणाऱ्यांसाठी, आणि स्पीकर जिथे बोलणाऱ्याच्या पुढे व्यवस्थित लावलेत तिथे, ओम्नीच घ्या. गायकाच्या कानात इन-इअर (कानात घालायचा छोटा मॉनिटर) असेल, पायाशी मॉनिटर नसेल, तर त्यालाही ओम्नी चालतो. बँडच्या मधोमध उभं राहायचं असेल तर कार्डिऑइड आणि थोडा वेळ जास्तीचा साउंड चेकला. घेताना मॉडेल नंबर नीट वाचा, कारण एकाच कंपनीचे दोन दिसायला जवळपास सारखे असतात, उदाहरणार्थ डीपीएचा ४०६६ ओम्नी आहे आणि ४०८८ कार्डिऑइड.

गाणाऱ्यांनी अजून एक बघायचं, माइक किती मोठा आवाज सहन करतो. तोंडाच्या इतक्या जवळ मोकळ्या गळ्याने तान मारली की पातळी खूप वर जाते, आणि संवेदनशील माइक किंवा बॉडीपॅक (कमरेला लावायचा वायरलेसचा डबा) तिथे फाटतो, मग मिक्सरवर कितीही खाली घ्या, फाटलेला आवाज फाटलेलाच येतो. काही कंपन्या एकच माइक बोलण्यासाठी वेगळ्या आणि गाण्यासाठी वेगळ्या संवेदनशीलतेत विकतात, आपल्याला कुठला लागतो ते विचारून घ्या. हातातल्या माइकवर गायक जोरात जागा आली की माइक लांब नेतो, हेडसेटमध्ये ती सोयच नाही, म्हणून मिक्सरवर थोडा कॉम्प्रेसर, म्हणजे फार मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय, लागतो. जे गायक अंतराशी खेळूनच गातात त्यांना मी सरळ सांगतो, हातातलाच माइक ठेवा, हेडसेटवर तुमचं गाणं अर्धं राहील.

पिनचा घोळ मात्र सगळ्यात जास्त लोकांना फसवतो. हेडसेट नुसता घेऊन चालत नाही, तो तुमच्या बॉडीपॅकला बसला पाहिजे, आणि प्रत्येक कंपनीची पिन वेगळी. शुअरच्या बहुतेक बॉडीपॅकला ४ पिनांचा मिनी एक्सएलआर (छोटा गोल कनेक्टर) असतो, एकेजीला ३ पिनांचा, सेनहायझरच्या इव्होल्यूशन मालिकेला आट्यांचा ३.५ मिलीमीटरचा जॅक. आणि ३.५ चा जॅक आत गेला म्हणजे जुळला असंही नाही, आतली जोडणी वेगळी असू शकते, मोबाइलच्या किंवा कॉम्प्युटरच्या हेडफोनचा जॅक दिसतो तसाच पण काम करत नाही. हे बारके माइक जवळपास सगळे कंडेन्सर असतात, त्यांना चालायला थोडं व्होल्टेज लागतं जे बॉडीपॅक देतो, त्यामुळे वायरने थेट मिक्सरला लावायचा असेल तर मध्ये ४८ व्होल्ट फॅन्टमवर, म्हणजे मिक्सर वायरमधूनच देतो त्या विजेवर, चालणारा अॅडॅप्टर लागतो, नुसती पिन बदलून भागत नाही. जमलं तर असा हेडसेट घ्या ज्याची वायर निघते किंवा पिनचा अॅडॅप्टर बदलता येतो. दोन फायदे आहेत, उद्या वायरलेस बदललं तरी माइक तोच राहतो, आणि वायर तुटली तर नुसती वायर बदलायची. आणि वायर तुटतेच, पिनच्या तोंडाशी, जिथे ती रोज वाकते तिथेच.

वायरलेसबद्दल थोडक्यातच सांगतो, तो वेगळा विषय आहे. २.४ गिगाहर्ट्झवाले सोपे असतात पण वायफायच्याच गर्दीत चालतात, रिकाम्या हॉलमध्ये मस्त आणि हॉल भरून सगळ्यांचे मोबाइल आत आले की कधी कधी तुटायला लागतात. मोठ्या कार्यक्रमाला यूएचएफ (वायफायपासून वेगळा रेडिओ पट्टा) घ्या, पण तुमच्या देशात कुठल्या फ्रिक्वेन्सीला परवानगी आहे ते बघून. शरीर सिग्नल खातं, म्हणून बॉडीपॅकची अँटेना मोकळी राहू द्या, कमरेत खोचून दुमडू नका, आणि रिसीव्हर कपाटामागे न ठेवता स्टेज दिसेल असा ठेवा. सेल प्रत्येक प्रयोगाला नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले.

घामाचा विचार घेतानाच करा. घाम कपाळावरून गालावर, तिथून बूमवर आणि बूमवरून घरंगळत थेट कॅप्सूलमध्ये जातो, मग आवाज एकदम कोंदट होतो, जणू माणूस उशीत बोलतोय. काही माइक पाण्याला दाद देत नाहीत, त्यांच्यावर पाणी-धूळ किती रोखतो ते सांगणारं आयपी रेटिंग असतं, व्यायाम शिकवणारे आणि नाचणारे यांनी तसलेच घ्यावेत. फोमची टोपी जास्तीच्या चार तरी जवळ ठेवा, ओली झाली की बदलायची, आणि एकाची दुसऱ्याला द्यायची नाही.

आता घालायचा कसा. कॅप्सूल तोंडाच्या समोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या जरा बाहेर, गालापासून किंचित सुटी. कार्डिऑइड असेल तर त्याच जागेवरून ओठांकडे वळवलेली. समोर ठेवली तर प्रत्येक श्वास ऐकू येतो, नाकाचासुद्धा. वायर मानेच्या मागून खाली घ्या आणि कॉलरपाशी थोडी ढील सोडून क्लिप लावा, ही ढील विसरलात तर मान वळवली की वायर ताणली जाणार आणि माइक सरकणार, इतकं साधं आहे ते. चिकटपट्टी वापरायला लाजू नका, त्वचेला चालणारी पारदर्शक पट्टी कानाच्या पुढे एक बोटभर लावली की माइक हलत नाही आणि तिसऱ्या रांगेतून दिसतही नाही.

विकत घ्यायच्या आधी ट्राय करायला मिळाला तर वन टू थ्री म्हणू नका, त्यातून मराठीचं काही कळत नाही. आपल्या भाषेत हवेची अक्षरं भरपूर, प फ ब भ, त्यातही फ आणि भ ला तोंडातून झोतच निघतो. मी लोकांना म्हणायला लावतो, "फाटक भाऊंनी भल्या पहाटे फाटक फोडलं." धप्पधप्प आलं तर माइक बोटभर मागे, बाजूला. मग "शशी सारखी सशाशी शिवाशिवी खेळते," स आणि श कानाला टोचले तर तो माइक तुमच्या आवाजाला फार चरचरीत आहे, किंवा मिक्सरवर वरची फ्रिक्वेन्सी जरा खाली घ्यावी लागेल. मग हळू आवाजात एक वाक्य, मग ओरडून एक, मग मान पूर्ण डावीकडे उजवीकडे, मग जांभई दिल्यासारखा जबडा उघडा. जबडा हलला की बूम हलते का, हे आरशात बघा, कानाला कळायच्या आधी डोळ्याला दिसतं.

गेन लावताना सगळ्यात जोरात जे बोलणार किंवा गाणार त्यावर लावायचा, हळू बोलून लावलेला गेन पहिल्याच टाळीच्या वाक्याला फाटतो. बोलण्यासाठी मिक्सरवर १०० हर्ट्झच्या आसपास लो कट (खालचे जाड आवाज कापणारी सोय) चालू करा, हवेचा आणि पावलांचा धबधब निम्मा तिथेच जातो. स्टेजवर चारपाच हेडसेट असतील तर जो बोलत नाही त्याचा म्यूट, कारण चालू माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारी मोकळीक साधारण ३ डेसिबलने कमी होते, आणि विंगेत काय बोललं जातं ते प्रेक्षकांना ऐकवायचं नसतं.

कार्यक्रम संपला की माइक कानाला धरून काढा, बूमला धरून ओढू नका. फोम काढून वेगळा वाळवा, बूम कोरड्या कपड्याने पुसा, वायर बॉडीपॅकभोवती गुंडाळू नका, तळहाताएवढी सैल वेटोळी करून डबीत ठेवा, आणि डबीचं झाकण लावायच्या आधी माइक तासभर उघड्यावर राहू द्या.