लंडनला नव्याने आलेल्या अबोल माणसांसाठी

दर सप्टेंबरला इथे शिकायला आणि नोकरीला मराठी मुलं-मुली येतात. त्यांतली बोलकी पंधरवड्यात रुळतात. हे लिहितेय ते बाकीच्यांसाठी. फोन लावण्याआधी तुम्हाला वाक्यं मनात घोळवावी लागतात, आणि अनोळखी माणसांत तासभर काढला की उरलेला दिवस एकट्याने पडून राहावंसं वाटतं. ‘जरा मोकळं व्हा, लोकांत मिसळा’ असं तुम्हाला सगळेच सांगतील. मी नाही सांगणार. लंडनमध्ये फारसं न बोलता माणूस छान राहू शकतो. फक्त खोली घेताना आणि तब्येत बिघडल्यावर गप्प बसून चालत नाही. बोलायची ताकद तेवढ्यासाठी राखून ठेवा.

आधी खोलीचं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. मी वर्षानुवर्षं तेच पाहतेय. फोन करायचा संकोच म्हणून सगळं मेसेजवर ठरतं. फोटो सुंदर, भाडं आजूबाजूपेक्षा थोडं कमी. मालक म्हणे सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवेल. मग डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं भारतातूनच पाठवलं जातं. बॅगा घेऊन दारात उभं राहिल्यावर कळतं, त्या पत्त्यावर भलतंच कुटुंब राहतंय. ते पैसे बहुधा परत येत नाहीत. तेव्हा स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाने खोली आत जाऊन पाहिल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका. व्हिडिओ म्हणजे पाहणं नव्हे. पासपोर्टचा फोटो पाठवला म्हणजे माणूस खरा, असंही नव्हे. पहिले काही आठवडे हॉस्टेलात, नातेवाइकांकडे, कुठेही काढा, पण न पाहता पैसे नाहीत.

इंग्लंडमध्ये २०१९ च्या टेनंट फीज कायद्यामुळे एजंटाला खोली दाखवण्याची किंवा कागदपत्रांची फी भाडेकरूकडून घेता येत नाही. खोली राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल, तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच. ते मालकाने ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून तुम्हाला तसं कळवायचं असतं. मात्र मालकाच्याच घरात लॉजर म्हणून राहिलात, तर डिपॉझिटचं हे संरक्षण नाही. आणि नेमकं तिथेच, मालक मराठी आहे, ओळखीतला आहे म्हणून आपण पावती मागत नाही. मागा. प्रश्न तोंडी सुचत नसतील तर कागदावर लिहून न्या आणि वाचून विचारा. त्याचं इथे कुणाला नवल वाटत नाही.

तब्येत ठणठणीत असतानाच जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. नोंदणी फुकट असते आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. बहुतेक सर्जरींचा (जीपीच्या दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात) ऑनलाइन फॉर्म असतो, औषधं सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, अ‍ॅपवरून पुन्हा मागवता येतात, त्यामुळे फोनची वेळ कमी येते. रिसेप्शनिस्टने ‘काय होतंय’ विचारलं तर तो भोचकपणा नाही; कुणाकडे पाठवायचं हे ती त्यावरून ठरवते. तातडीचं नसेल पण थांबवतही नसेल, तर १११ हा एनएचएसचा क्रमांक. तेही वेबसाइटवरून चालतं.

प्रवासात बोलावंच लागत नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं, ट्यूबमधून, म्हणजे भुयारी रेल्वेतून, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. तिथे रोख पैसे घेतच नाहीत. एकाच प्रवासात आत शिरताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड असं कधीही करू नका, दोन अर्धवट प्रवास धरून जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. गर्दीने जीव घाबरत असेल तर सोमवार ते शुक्रवार साडेनऊनंतर निघा आणि बसच्या वरच्या मजल्यावर बसा.

इंग्रज शेजारी वर्षभर तुमच्याशी हवेपलीकडे बोलणार नाही. तो तुटकपणा नसतो, त्याच्या लेखी ती सभ्यता असते, आणि आपल्यासारख्यांना ती फार सोयीची आहे. पबमध्ये काउंटरवर ऑर्डर द्या आणि कोपऱ्यात पुस्तक उघडून बसा, कुणी वळूनही पाहत नाही. आपली माणसं मनाने उदार, पण नकार त्यांना सोसत नाही. दोन जेवणांना गेला नाहीत की तुम्ही शिष्ट ठरता. त्यापेक्षा काम मागून घ्या. महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, डॉलिस हिलला त्याची वास्तू आहे. गणपतीत खुर्च्या लावायला, पानं वाढायला उभे राहा. हातात काम असलं की गप्पांचं ओझं राहत नाही, आणि अडचणीला धावून येणारी चार माणसं सहज जोडली जातात.

एकट्याने घालवायच्या दिवसासाठी माझी आवडती वाट सांगते. वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनला उतरा. जवळच हाउली प्लेसमध्ये १० नंबरच्या घरावर निळी पाटी आहे. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक इंग्लंडला आले, तेव्हा १९१८-१९ मध्ये ते इथे राहिले. तिथून लिटल व्हेनिसला या आणि रीजंट्स कॅनॉलच्या कडेने पूर्वेला चाला. हा कालवा १८२० मध्ये पूर्ण झाला. मेडा हिलच्या बोगद्यातून पायवाट नाही, तेवढ्यापुरतं वर रस्त्यावर यावं लागतं. पुढे प्राणिसंग्रहालयाच्या मधून कालवा जातो. मग प्रिमरोझ हिल चढा, सगळं शहर समोर दिसतं. टेकडीपलीकडे १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. घरापासून इतक्या लांब एकट्याने अभ्यास करणाऱ्या माणसाच्या खोल्यांत उभं राहिलं की मला फार बळ येतं. तुम्ही पहिल्याच महिन्यात जा.

पावसाच्या दिवशी ब्रिटिश लायब्ररीत जा. आशियाई विभागाच्या वाचनालयात मराठी पुस्तकं मागवून वाचता येतात, रीडर पास फुकट मिळतो. रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये काही विकत न घेता कितीही वेळ बसता येतं, आणि पाचव्या मजल्यावर कवितांचं स्वतंत्र ग्रंथालय आहे. सर जॉन सोनचं घर-संग्रहालय लहान आणि शांत, तेही फुकट, पण सोमवारी-मंगळवारी बंद.

डिसेंबरमध्ये चारच्या आधी सूर्य मावळतो. एकटं राहणं आवडणाऱ्यांना आपण खचतोय हे तेव्हा उशिरा कळतं, कारण घरात बसणं ही नेहमीचीच सवय. दुपारी बाराच्या सुमारास रोज बाहेर पडा. हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाची रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या, एनएचएसचाच तो सल्ला आहे. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, आवडतं पुस्तकही हातात धरवत नसेल, तर एनएचएस टॉकिंग थेरपीज या समुपदेशन सेवेकडे स्वतःच ऑनलाइन नाव नोंदवा, जीपीची चिठ्ठी लागत नाही. इंग्रजीतून मन उघडणं अवघड वाटत असेल, तर दुभाषी हवा असल्याचं सुरुवातीलाच सांगा.