बारावीचं जीवशास्त्र : पुस्तक मिटून काय काय जमायला हवं

सगळ्यात आधी अभ्यासक्रमाची प्रत काढून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि कोणत्या धड्याला किती गुण ते तिथेच लिहा. मग एक कोरी, बिनरेघी वही, पेन्सिल, खोडरबर, लाल पेन आणि लाल-निळी लोकर जवळ ठेवा.

कोरी वही आकृत्यांसाठी. पुस्तक समोर ठेवून काढलेल्या आकृतीने हात वळतो, पण समजलंय की नाही ते कळत नाही. म्हणून धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि मग काढायचं. चुका नंतर लाल पेनाने दुरुस्त करायच्या. नेफ्रॉनचंच, म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळीचंच घ्या. केशिकागुच्छात (नळीच्या तोंडाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पुंजक्यात) येणारी आणि तिथून बाहेर पडणारी धमनिका, म्हणजे लहान धमनी, बरीच मुलं सारख्याच जाडीची काढतात. येणारी रुंद आणि जाणारी अरुंद असते, म्हणून तर आत दाब टिकतो आणि रक्त गाळलं जातं. एवढा फरक आकृतीत उतरला की निम्मं उत्तर तिथेच झालं. पुढे नळीच्या प्रत्येक वळणावर थांबा आणि इथे रक्तात काय परत गेलं ते मोठ्याने सांगा. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं पाणी कुठे गेलं हे आकृतीवर बोट ठेवून सांगता आलं, तरच धडा झाला असं माना.

लोकर पेशीविभाजनासाठी, आणि हे मी प्रत्येकाला आग्रहाने करायला सांगते. दोन्ही रंगांचा एकेक लांब आणि एकेक आखूड तुकडा कापा. हे तुकडे म्हणजे गुणसूत्रं. लाल आईकडून आलेली, निळी वडिलांकडून. विभाजनाआधी डीएनएची नक्कल होते, म्हणून प्रत्येक तुकड्याला त्याच रंगाचा, तेवढ्याच लांबीचा जोडीदार द्या आणि मधोमध गाठ मारा. मायटोसिसमध्ये, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होताना, गाठी सुटतात आणि दोन्ही ढिगांत चार-चार तुकडे येतात. मिओसिसच्या, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या, पहिल्या फेरीत मात्र गाठी तशाच राहतात. लांब लाल आणि लांब निळा शेजारी येऊन वेगळे होतात, आखूड तुकड्यांचंही तसंच. गाठी सुटतात त्या दुसऱ्या फेरीत, आणि शेवटी चार ढीग उरतात, प्रत्येकात दोनच तुकडे. आता आखूड जोडी उलट बाजूने मांडून पुन्हा करा. ढिगांतली रंगांची जोडी बदलते. दोन गुणधर्मांच्या संकरात दुसऱ्या पिढीत दिसणारं मेंडेलचं 9:3:3:1 हे प्रमाण इथूनच निघतं, आणि दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असली की ते प्रमाण का बिघडतं तेही लोकरीवर दिसतं. त्यानंतर आनुवंशिकतेची गणितं रोज दोन तरी सोडवा. रंगांधळेपणाची वंशावळ त्यात हवीच.

एकमेकांत गुंतणाऱ्या शब्दांसाठी मागची पानं राखा. परागकण कुक्षीवर (फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकावर) पोचले की परागण झालं, फलन त्यानंतर बीजांडात होतं. जीनोटाइप-फेनोटाइप (जनुकांची जोडी आणि त्यातून दिसणारं लक्षण), प्रतिजन-प्रतिपिंड (शरीराला परका पदार्थ आणि त्याच्याविरुद्ध शरीर बनवतं ते प्रथिन) याही जोड्या तिथेच लिहा. परिसंस्थेचे धडे सोपे वाटतात म्हणून शेवटावर ढकलू नका, एकदा नीट वाचून त्यांचे प्रश्न लगेच लिहून टाका.

प्रात्यक्षिकाला कांद्याच्या मुळाची स्लाइड स्वतःच्या हाताने करा. आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहा. लांबट पेशी दिसल्या तर तुम्ही टोकापासून वर सरकला आहात, विभाजन टोकाजवळच्या लहान, चौकोनी पेशींत शोधायचं. जाड काळ्या कडेचं, आतून रिकामं वर्तुळ दिसलं तर तो हवेचा बुडबुडा. त्याची आकृती पेशी म्हणून काढलेली मी कितीदा तरी पाहिली आहे.

जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. 'कारण द्या' असं विचारलं असेल तर वर्णन लिहून गुण मिळत नाहीत. शेवटच्या आठवड्यात नवं काही उघडू नका. कोऱ्या वहीतल्या ज्या आकृत्यांवर लाल पेन फिरलंय, तेवढ्याच पुन्हा काढा.